रामटेके सरांची जगप्रसिद्ध चूक

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा समस्त जनतेस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की चंद्रपूर-गडचिरोली या जोडजिल्ह्यांतून आजवर जगात सर्वांत दूर पोचलेली वस्तू सागवान नव्हे, बांबू नव्हे, आणि कोळसा तर नव्हेच. ती एक चूक आहे. ब्राझीलपासून फिलिपिन्सपर्यंतच्या विद्वानांनी ती आदराने हाताळली, आपापल्या लेखांत जपून ठेवली आणि विद्यार्थ्यांना पाठ करायला लावली. चूक डॉ. सुखदेव रामटेके यांची होती. इंग्रजी माझं होतं.

रामटेके सर गडचिरोलीतल्या एका छोट्या हिवताप संशोधन केंद्राचे प्रमुख. केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक जीप आणि एक बोर्ड. बोर्डावरचं ‘संशोधन’ पावसाने पुसट झालं होतं, ‘हिवताप’ मात्र ठळक राहिला होता, आणि एकूण जिल्ह्याची परिस्थितीही तशीच होती. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. ‘करत होतो’ हे क्रियापद मी फार वर्षं वापरलं. सुरुवातीला माझी बायको मंगला शेजारणींना कौतुकाने सांगायची, “आमचे हे डॉक्टर होऊन राह्यले.” पुढेपुढे ती ते अशा सुरात सांगू लागली की ऐकणाऱ्याला वाटावं, मला एखादं जुनं दुखणं आहे.

सर उंच, हडकुळे. कडाक्याच्या थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट. का, असं विचारलं तर म्हणायचे, “त्याईले बसाले जागा नको का?” त्याईले म्हणजे डासांना. अंगावर बसलेला डास त्यांनी कधी मारला नाही. आधी तो कोण आहे, कसा बसलाय, शेपूट वर करून बसलाय की सपाट, हे पाहायचं आणि मग खिशातल्या काचनळीत त्याला अलगद घ्यायचा. वरच्या खिशात लोक पेन ठेवतात, सर नळी आणि कापसाचा बोळा ठेवायचे.

माझ्या मुलीच्या बारशाला ते आले होते. माझे सासरे, निवृत्त रेंजर, मिशा वर आणि डोकं तुळतुळीत, समोरच्या खुर्चीवर बसून वाघाची गोष्ट सांगत होते. वाघ झुडपातून बाहेर पडणार एवढ्यात सर ओरडले, “हलू नका जी!” सासरे जागच्या जागी थिजले. बायका पाळण्यापासून मागे सरकल्या. सगळ्यांना वाटलं, साप. सर दबक्या पावलांनी गेले, सासऱ्यांच्या टकलावर नळी पालथी घातली, बोळा लावला आणि नळी उजेडात धरून म्हणाले, “मादी आहे. पोट भरून जेवली. तुमचं रक्त लय पसंत पडलं तिले.” त्यानंतर सासरे आमच्याकडे टोपीशिवाय कधी आले नाहीत, आणि वाघाचं पुढे काय झालं ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

सरांना माझी एकच गोष्ट उपयोगी वाटायची, ती म्हणजे माझं इंग्रजी. त्यांचे लेख ते साध्या, कोरड्या वाक्यांत लिहायचे. मी त्यांना इस्त्री करायचो, अत्तर लावायचो, कधी फेटाही बांधायचो. सर अर्ध्याहून जास्त उतरवून ठेवायचे. “मास्तर, डास इंग्रजी वाचत नाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता ती चूक.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. एका गावाला मी इथे आंबेटोला म्हणतो. मोठं तळं, तळ्याच्या पाळीवर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं, पलीकडे धानाची शेतं, मग जंगल. आसपासच्या गावांत पावसाळा सरता सरता घराघरांत माणसं थंडीने कुडकुडत पडायची. सरांनी त्या सगळ्या गावांत रक्त तपासायचं ठरवलं. पण त्यांचा एक नियम होता. आधी निरोप धाडल्याशिवाय कुठल्याही गावात पाऊल टाकायचं नाही. सरांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीत साहेबलोक न विचारता शिरायचे, नाकाला रुमाल लावून भांडीकुंडी पाहायचे आणि न बोलता निघून जायचे. ते सर विसरले नव्हते. “न सांगता कोणाच्या घरी जाऊन त्याचं बोट टोचाव? आपण चोर आहो का?” असं म्हणून ते कोतवालाकरवी दिवस कळवायचे.

आंबेटोल्यालाही कळवलं. आम्ही पोचलो तर अंगणं सारवलेली, रांगोळ्या काढलेल्या, शाळेतली बाकं झाडाखाली आणून ठेवलेली. माणसं आंघोळी करून, डोक्याला तेल लावून, धुतलेले कपडे घालून रांगेत उभी. इतकी निरोगी गर्दी मी त्याआधी फक्त पोलीस भरतीत पाहिली होती. रांगेची व्यवस्था कौसाबाई नावाची ढिवरांची एक दणदणीत बाई पाहत होती. कोणी बोट मागे घेतलं की ओरडायची, “दे ना बोट! सायेब लोकं का खाऊन राह्यले तुले?”

रक्त तपासलं तर ताप जवळपास नाहीच. सर चक्रावले. त्यांनी काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या, मग तळं पाहिलं. तळ्यात बारके मासे खच्चून भरलेले, आणि ते डासांच्या अळ्या चट्टामट्टा करत होते. सरांनी जपून लिहिलं की या माशांमुळे ताप कमी असण्याची शक्यता आहे. मी ‘शक्यता’ हा शब्द बदलला नाही, देवाशपथ. फक्त त्याच्या आगेमागे इतकी देखणी विशेषणं उभी केली की ती शक्यता बिचारी लाजून खात्रीच झाली.

लेख परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. मग पोस्टकार्डं यायला लागली. त्या काळी विद्वान लोक एकमेकांना कार्ड टाकून लेखाची प्रत मागायचे. असल्या असल्या देशांची तिकिटं यायची की पोस्टमन एकदा सरांना म्हणाला, “सर, तुमचे सोयरे लय दूर दूर राह्यते जी!” माझं नाव लेखकांत नव्हतं. शेवटी आभारात होतं, जीपच्या ड्रायव्हरच्या खाली. ड्रायव्हरने ते पान फ्रेम करून घरात लावलं. मी लावलं नाही. मला वेळ कुठे होता, मी पीएच.डी. करत होतो.

“ज्याईचं रक्त घेतलं त्याईले निकाल नको का सांगाले?” असं म्हणत सर मला घेऊन पुन्हा आंबेटोल्याला गेले. शाळेच्या ओसरीत गाव जमलं. सरांनी अख्खा लेख मराठीत समजावून सांगितला. तुमच्या गावात ताप नाही, तुमच्या माशांनी कमाल केली, हे साऱ्या जगाने वाचलं. लोक खूश झाले. चहा आला. कौसाबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होती.

“काऊन हसून राह्यल्या, बाई?” सरांनी विचारलं.

“काई नाई जी. लय मोठं लिवलं तुमी. मासे बी खुश झाले असन.”

“मंग?”

“मंग काय? तापवाले गावात होतेच कुठी?”

“नव्हते ना. तेच तर लिवलं.”

“नव्हते म्हंजे, आमीच धाडले होते जी. कोनी मामाच्या गावले, कोनी बहिनीकडं. तुमी सांगून येऊन राह्यले होते. सायेब लोकं पाहाले येनार, अन् आमी कुडकुडनारे मानसं समोर बसवाव? पोरगी पाहाले पाहुने आले, त खोकलनाऱ्या बुढ्याले कोनी बैठकीत बसवते का?”

मागून एकजण म्हणाला, “माह्या भावाले त खाटेसकट उचलून नेला. जेवाले बी नाई बसू देल्लं.”

“गावाच्या इज्जतीचा सवाल होता,” सरपंच म्हणाले. आणि छाती काढून पुढे म्हणाले, “अन् पाहा, राह्यली का नाई इज्जत? परदेशात छापून आली!”

मी चहाच्या कपात पाहायला लागलो. कपात पाहण्यासारखं काही नव्हतं. सरांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी एवढंच विचारलं, “परत आणलं का त्याईले?”

“कोनाले जी?”

“तापवाल्याईले.”

“हाव. दुसऱ्याच दिवशी आनलं.”

“बरे झाले?”

“झाले जी, तुमी ठेवून गेले होते त्याच गोळ्याईनं. एक बुढा तेवढा लय दिवस पडून होता.”

परतताना जीपमध्ये मी, विज्ञानाचा हा निष्ठावंत पाईक, म्हणालो, “सर, हे आपल्याशिवाय कोणाला कळणार आहे?”

सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, “डास इंग्रजी वाचत नाई, मास्तर. पण फवारणीवाले वाचते. कुठी तरी, कोणी तरी हे वाचन, तळ्यात मासे सोडन अन् डासाईची फवारणी बंद करन. मंग तिथले लोकं तापानं पडतीन, ते कोणाच्या नावावर?”

त्या दिवसापासून त्यांना ही एकच काळजी लागली. पुढच्या हंगामात त्यांनी आंबेटोल्याला नवा निरोप धाडला. येईन, पण कोणत्या दिवशी ते सांगणार नाही, चालेल का? कौसाबाईचं उत्तर आलं, “या केव्हाबी. आता तुमी घरचेच. घरच्यासमोर कोन लपवते?” सर गेले. शेजारच्या गावांत होता तेवढाच ताप इथेही होता. तळ्यात मासेही पहिल्याइतकेच होते. ते अळ्या खात होते आणि डास तळं सोडून बांधातल्या, खाचरातल्या पाण्यात संसार थाटत होते.

सरांनी दुरुस्तीचा लेख लिहिला. पहिला लेख चुकीचा होता, आजारी माणसं त्या दिवशी गावात नव्हती, मासे पुरेसे नाहीत, फवारणी थांबवू नये. मला सक्त ताकीद होती की एकही विशेषण घालायचं नाही. माझ्या आयुष्यातला तो एकमेव विशेषणरहित मजकूर. तो छापून आला अंकाच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एका परिषदेची सूचना आणि सूक्ष्मदर्शकाची जाहिरात यांच्या मधोमध.

त्यानंतर केंद्रात एक रीत पडली. कुठलाही लेख टपालात टाकण्याआधी ज्या गावाचं रक्त, त्या गावात वाचायचा. लोक काय म्हणतात ते ऐकायचं. एका गावाने हरकत घेतली, “आमाले टक्के काऊन म्हनता? आमी मानसं आहो.” तिथे सरांनी प्रत्येक टक्क्यापुढे माणसांची संख्या घातली. दुसऱ्या गावाला शेजारच्या गावाचं नाव आपल्या आधी आलेलं खपेना, तो तंटा मिटेपर्यंत हिवाळ्याचा उन्हाळा झाला. अशाने लेख व्हायचे किती? नागपूरचे लोक वर्षभरात जेवढे छापायचे, तेवढे सरांचे नुसते झाडाखाली वाचण्यात अडकून असायचे. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरणही असंच वाचलं. संपलं तेव्हा जागे फक्त सर होते आणि एक बकरी. बकरीही ऐकत नव्हती, टाचण खात होती.

संशोधन न करणाऱ्या सुखी वाचकांसाठी सांगतो. शास्त्रज्ञाचं वजन दोन काट्यांवर करतात. लेख किती लिहिले हा एक काटा, आणि इतरांनी त्या लेखांचा आपल्या लेखांत कितीदा उल्लेख केला हा दुसरा. हे उल्लेख शोधायला तेव्हा नागपूरला एका मोठ्या ग्रंथालयात जावं लागे. तिथे उशीएवढे जाड खंड असत आणि त्यांत जगातल्या साऱ्या विद्वानांची नावं भिंगाशिवाय दिसू नयेत अशा टायपात छापलेली. मी एसटीने जायचो, डोळे फोडून घ्यायचो आणि यायचो. पहिल्या, चुकीच्या लेखाचे उल्लेख दर खंडात वाढतच होते. बेशरमाच्या झाडासारखे. मी उत्साहाने सांगायला लागलो की सर हात वर करायचे.

“दुसऱ्याचं सांग. दुरुस्तीवाल्याचं.”

“दुसऱ्याचं काही नाही, सर.”

“कोणीच नाई?”

“कोणीच नाही.”

मी माझंही नाव दर खेपेला पाहून घ्यायचो. लोक लॉटरीचं पाहतात तसं. तिकीट मी कधी काढलंच नव्हतं, ही बाब वेगळी.

मग सरांनी ज्या ज्या विद्वानांनी पहिल्या लेखाचा उल्लेख केला होता, त्या सगळ्यांना पत्रं लिहिली. सोबत दुरुस्तीची प्रत. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं. आपला पहिला लेख आम्हाला फार प्रेरणादायी वाटला, असं लिहून त्याने तळ्याचा फोटो मागितला होता.

आणि अशात चंद्रपूरकरांनी त्यांचा सत्कार ठरवला. त्या काळी चंद्रपुरात माझ्या सूत्रसंचालनाशिवाय सत्कार होत नसे. निदान मी होऊ देत नसे. सर यायलाच तयार नव्हते. मग म्हणाले, “चाल. एवढे लोकं एका जागी भेटून राह्यले, तर सांगून टाकतो.” मी माईक हातात घेतला आणि ज्यांचा शब्द सातासमुद्रापार प्रमाण मानला जातो, ज्यांच्या लेखणीने आपल्या तळ्यांना अमर केलं, वगैरे वगैरे अर्धा तास बोललो. शाल झाली, श्रीफळ झालं. सर उभे राहिले.

“मंडळी, तुमी ज्या लेखासाठी मले बोलावलं तो लेख चूक आहे.”

कडाडून टाळ्या.

“तसं नाई. खरंच चूक आहे. आजारी माणसं गावात नव्हतीच.”

आणखी मोठ्या टाळ्या. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहिला.

“अजी, टाळ्या कायच्या वाजवून राह्यले? मी चुकलो म्हणून सांगून राह्यलो ना!”

अख्खं सभागृह उभं. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “झाड फळांनी लगडलं की वाकतं म्हणतात, ते आज आपण डोळ्यांनी पाहिलं. केवढा हा विनय!”

घरी जाताना मंगला म्हणाली, “सर बिचारे खरं सांगत होते. तुमी काऊन टाळ्या वाजवत होते?”

“सूत्रसंचालकाने वाजवायच्या असतात.”

“असं का? मंग हेच करत जा. ते पीएच.डी. राहू द्या.”

सरांनी शाल ड्रायव्हरच्या आईला दिली. मला म्हणाले, “माणूस खोटं बोलला तर त्याले पकडता येते, मास्तर. खरं बोलला अन् लोकाईनं कौतुकच केलं, तर त्यानं जावं कुठी?”

एकदाच त्यांचं म्हणणं लोकांनी ताबडतोब मानलं. बढतीच्या मुलाखतीत. समितीने त्यांच्या लेखांचे उल्लेख मोजले आणि चांगले भरतात असं म्हटलं. सर म्हणाले, “त्यातून पहिला लेख वजा करा.” समितीने केला. मग काही उरलंच नाही. सर ज्या खुर्चीवर होते त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले आणि चंद्रपुरात, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले.

तोवर नवं शतक लागलं होतं. नागपूरच्या उशा जाऊन संगणक आले होते. बसस्टँडजवळ पप्पूभाऊ नावाच्या गृहस्थाने झेरॉक्सच्या दुकानात प्लायवूडच्या फळ्या ठोकून सायबर कॅफे काढला होता. दर आठवड्याला सर काठी टेकत माझ्याकडे यायचे. “चाल, पाहून येऊ.” मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पायाला सूज, पण यायचेच. मी नाव टाकायचो. पहिल्या लेखाचा आकडा आणखी वाढलेला असायचा. दुसऱ्यापुढे शून्य. सर मान हलवायचे आणि परत निघायचे. वाटेत कुठे साचलेलं पाणी दिसलं की मात्र थांबून वाकून पाहायचे.

एका उन्हाळ्यात आम्ही गेलो तो नेमका बारावीच्या निकालाचा दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पोरं, त्यांचे बाप, मावश्या, पेढ्यांची पुडकी. पप्पूभाऊ एकेक नंबर टाकून पास की नापास ते ओरडून सांगत होता आणि त्याप्रमाणे कोपऱ्याकोपऱ्यातून हसू नाहीतर रडू उमटत होतं. सरांचं वय पाहून त्याने शेवटचा संगणक आम्हाला दिला. सर प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. मी नाव टाकलं. पान एकेक ओळ करत खाली उतरायला लागलं.

दुसऱ्या लेखापुढे एक आकडा होता.

मी चष्मा पुसला. आकडा गेला नाही. कुठल्याशा दूर देशातल्या एका बाईंचा लेख होता. मी उघडला आणि सरांना मराठीत सांगत गेलो. तळ्यातल्या माशांनी ताप हटतो ही समजूत रामटेके यांच्या लेखामुळे पसरली, पण त्यांनीच पुढे आपलं निरीक्षण चुकीचं असल्याचं दाखवून दिलं. म्हणून आमच्या भागात मासे सोडले, तरी आम्ही फवारणी थांबवली नाही.

“शेवटचं पुन्हा वाच,” सर म्हणाले.

मी वाचलं.

“थांबवली नाई म्हणते ती?”

“नाही थांबवली, सर.”

“नक्की तसंच लिवलं? तुह्याकडून तर काई घालून नाई राह्यला?”

“एक विशेषणसुद्धा नाही.”

सर पुढच्या हिवाळ्यात गेले. त्याआधी आम्ही पुष्कळदा भेटलो, पण डोळ्यांपुढे येतात ते त्या दुकानातले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काठी खाली पडलेली, प्लायवूडच्या फळीला धरून ते हळूहळू उभे राहत होते आणि चेहरा असा फुलला होता की सगळी गर्दी वळून त्यांच्याकडेच पाहायला लागली. पप्पूभाऊला वाटलं, नातवाचा निकाल पाहायला आलेत. त्याने गल्ल्यावरूनच हाक दिली, “काय जी काका, लागला का रिझल्ट? पास का नापास?”

सरांनी दोन्ही हात वर केले आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडले, “नापास! नापास झालो रे बाप्पा, एकदाचा नापास झालो!”